मधुकाकांचा करदोटा

मी त्वचेची डॉक्टर आणि मधुकाका आमच्या समोरच्या घरात राहत, हे माझं दुर्दैव. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात मी दिसले की ते बनियन वर करून उभे. "बघ गं, परत आलं." कमरेभोवती लालसर, चांगलं ऐसपैस पसरलेलं गजकर्ण. शेजारणी भाजीच्या पिशव्या घेऊन बाजूने जात, त्याची काकांना पर्वा नसे.

मी गोळ्या लिहून द्यायची आणि खाज थांबली की काका त्या बंद करायचे. पुन्हा उठलं की मेडिकलमधून कुठलीशी ट्यूब. "तुझ्या गोळ्यांपेक्षा ही झटपट." तिच्यात स्टेरॉइड असतं, खाज तेवढी दबते आणि आजार पसरतच राहतो, हे सांगून माझा घसा बसला. त्यांचं उत्तर ठरलेलं, "औषध तुझं, अंग माझं."

खरी मेख होती करदोट्यात. कमरेचा तो काळा दोरा आंघोळीनंतर ओलाच राही आणि त्याच्याखाली सगळं नव्याने सुरू होई.

"काका, काढा तो."

"अगं, तो मेल्यावर तोडतात."

यापुढे माझी डॉक्टरकी संपायची.

मग त्यांची मुलगी स्मिता वर्षभराच्या चिऊला घेऊन माहेरी राहायला आली. चिऊ दिवसभर आजोबांच्या कडेवर. "बरं होईपर्यंत तिला उचलू नका," मी बजावलं. ऐकतील तर ते मधुकाका कसले. थोड्याच दिवसांत चिऊच्या मांडीवर गोल चट्टा उठला. ती खाजवून रडत होती आणि काका दारात उभे राहून बघत होते. रागाच्या भरात मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्यांनी एकदाही ‘अंग माझं’ म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. काकांनी बनियन वर केलं. कंबर मोकळी होती.

"कातरीने कापला. आता सांग, कडेवर कधी घेऊ?"

त्यानंतर मी बंद करायला सांगेपर्यंत त्यांनी गोळ्या घेतल्या, टॉवेलही वेगळा ठेवला. चिऊचा चट्टा नुसत्या मलमाने गेला आणि ती पुन्हा कडेवर चढली.

गेल्या वर्षी काका हार्ट अटॅकने गेले. मी बाहेर स्मिताजवळ बसले होते. आत शेवटची आंघोळ घालताना कुणी म्हणालं, "करदोटा तोडा." नव्हताच. "मग नवा आणा, बांधून तोडू."

मी जरा जोरातच म्हणाले, "नका हो. त्यांनी तो स्वतः तोडलाय, चिऊसाठी. पुन्हा बांधू नका." आणि मग मला रडू आवरेना.