बारा हात तार

उजव्या हाताची बाही कोपराच्या वर दुमडायची, घड्याळ काढून शर्टाच्या खिशात टाकायचं, केबलचं टोक कोपराशी धरायचं आणि मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ताणायचं. हा एक हात. असं बारा वेळा. मग आबा पक्कड उचलत आणि म्हणत, "बारा हात. जास्ती नही, कमी नही."

तुमच्यापैकी कुणी दोंडाईच्यात आबांच्या दुकानात कधी रेडिओ दुरुस्तीला टाकला असेल, तर तुम्हीही हा सोहळा पाहिला असेल. मी तो आठ-नऊ वेळा पाहिला. धुळ्यात एका आरोग्य संस्थेच्या गाड्यांचं काम माझ्याकडे आहे. आमच्या जीप सातपुड्यातल्या पाड्यांवर जातात. घाट चढला की मोबाइल नुसता घड्याळ म्हणून उरतो. म्हणून प्रत्येक जीपमध्ये एक सीबी रेडिओ, म्हणजे गाडीतून गाडीत बोलायचा बिनतारी संच आहे, टपावर अँटेनाची दांडी आहे आणि दोघांना जोडणारी जाड काळी केबल आहे. नर्सबाईंना वाटेत काही लागलं तर पायथ्याच्या जीपला हाक मारता येते. बाळंतपणं झाली आहेत या हाकेवर.

हे सगळं आबांनी बसवलेलं. टपापासून रेडिओपर्यंत खरं तर दहा-अकरा फूट केबल पुरते. पण आबांच्या उस्तादांनी त्यांना बारा हात, म्हणजे अठरा फूट शिकवले होते, आणि अठरा म्हणजे अठरा. उरलेली केबल ते शेवग्याच्या शेंगांच्या जुडीसारखी सैल दुमडून सीटखाली ठेवत. ड्रायव्हर ती पायात येते म्हणून गोल गुंडाळून कोंबायचे, की आबा ओरडायचे, "ते काय दोर शे का?"

मी एकदा चेष्टेने म्हटलं, "आबा, टेप घ्या ना एक. चाळीस रुपयांना मिळते."

"टेप घर र्‍हाई जास, भाऊ. हात कसा र्‍हाई?"

मी घरी येऊन टेपने मोजलं. अठरा फूट आणि वर एक बोट. त्यानंतर चेष्टा बंद केली.

केबल जोडल्यावर ते एक लहानसं मीटर लावत. काटा वर चढला तर आवाज बाहेर न जाता रेडिओतच परततो, काटा खाली पडून राहिला तर सगळं ठीक. मग काटा खाली आणायला दांडीचं टोक कानशीने जरासं घासायचं, परत काटा बघायचा. शेवटी मला बोलवायचे. "देखा. काटा निजेल शे." माझ्याकडून ‘हो’ आल्याशिवाय ते मीटर काढत नसत.

मग आबांना लकवा झाला. चालायला लागले, बोलायलाही लागले, पण उजव्या हाताची बोटं आत वळली ती उघडलीच नाहीत. त्याच सुमारास आमची नवी जीप आली. दुकान उघडं आहे असं कळलं, म्हणून मी ती आबांकडेच नेली. दुसरीकडे नेली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

त्यांनी डाव्या हाताने बाही दुमडली. घड्याळ खिशात टाकलं. केबल कोपराशी धरली आणि मिटलेल्या मुठीपर्यंत ताणली. एक हात. दोन हात. मी चहाचा कप धरून बघत होतो. प्रत्येक हात चार बोटांनी कमी भरत होता आणि मी चहा पीत राहिलो. "बारा हात," आबा म्हणाले. कापली.

पुढे त्यांना बराच वेळ लागला. दांडी घासत होते, काटा बघत होते, पुन्हा घासत होते. "देखा भाऊ, काटा निजेल शे." मी त्यांच्या मुठीकडे बघत ‘हो’ म्हटलं. काटा मी पाहिलाच नाही.

धुळ्याला येऊन टेप लावली. चौदा फूट. डोळ्यांपुढे घाट आला, नर्सबाई आल्या. दुसऱ्याच दिवशी जळगावहून अठरा फुटांची केबल आणून बसवून घेतली. आबांची केबल भांडारात टाकली. त्यांना कळवलं नाही.

आपण बसवलेलं काम दोन महिन्यांनी स्वतः येऊन तपासायचं, ही त्यांची पद्धत मी विसरलो होतो. ते एसटीने आले, काठी टेकत. सीटखाली डावा हात घातला. जुडी चाचपली. बराच वेळ चाचपली.

"उंदरांनी कुरतडली होती, आबा," मी म्हणालो. नव्याकोऱ्या जीपमध्ये उंदीर!

ते हसले. "उंदीर भलता हुशार शेतस, भाऊ. बठ्ठी तार बदली टाकी त्यास्नी."

चहाला थांबा म्हटलं, तर म्हणाले, "मी निंघस." मीटर त्यांनी पिशवीतून आणलं होतं. ते माझ्या टेबलावर ठेवून गेले. त्यानंतर दुकान उघडलं नाही. थंडीत आबा गेल्याचं कळलं. मी रजा टाकली नाही, त्या दिवशी नेहमीसारखी डिझेलची पत्रकं भरली. रडू आलं नाही. अजून येत नाही, बधिर हाताला येतात तशा मुंग्या तेवढ्या आत कुठेतरी फिरतात.

गेल्या महिन्यात नवे रेडिओ घेऊन एक इंजिनीअर आला होता. मी त्याला अठरा फुटांचं विचारलं. तो म्हणाला, "चांगली केबल असेल आणि दांडी नीट जुळवलेली असेल, तर चौदा काय नि अठरा काय. जुनी समजूत आहे ती. काटा बघायचा."

तो गेल्यावर मी भांडारातून आबांची केबल काढली आणि त्याच जीपला लावली. दांडी त्यांनी घासलेली तीच होती. मीटर जोडलं, बटण दाबून हाक मारली.

काटा हललासुद्धा नाही.

आवारातल्या दुसऱ्या जीपमधून आमच्या ड्रायव्हरचा आवाज आला, "साफ ऐकू येस, भाऊ. बोला."

मी बटण दाबून धरलं. कानात आबांचंच ‘देखा भाऊ’ होतं. मी काट्याकडे बघत ‘हो’ म्हणालो.