अंगात शिरलेलं चिनी वारं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ही फजिती बायकोनं सांगितली तर माझी उरलीसुरली अब्रूही जाईल.

पाऊस सरला, शेळगावच्या बांधांवर गाजरगवत फुललं की मला शिंका सुरू. एका दमात वीस-वीस. गोळी घेतली की दिवसभर पेंग. म्हणून यंदा बारामतीला एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्या चिनी पद्धतीनं सुया टोचतात.

बाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि समजावलं, की चिनी वैद्यकात याला अंगात वारं शिरणं म्हणतात. ते मानेमागून येतं आणि फुप्फुसाची राखण कच्ची असली की आत ठाण मांडतं. मग नाकाशेजारी दोन आणि हातांवर दोन सुया टोचल्या. दही, केळं, गार पाणी बंद. मानेला कायम मफलर.

चार खेपांत नाक मोकळं झालं आणि मी निम्मा डॉक्टर झालो.

गिरणीवर शेजारच्या पारूकाकूनं मफलरचं कारण विचारलं. मी ठसक्यात सांगितलं, "काकू, माझ्या अंगात वारं शिरतंय."

तिनं दळणाचा डबा खाली ठेवला. "कवापासनं?"

"चार वर्सं झाली. दर नवरात्राच्या सुमाराला. डोळं लाल हुत्यात, अंग थरथरतं. सुया टोचल्या की शांत हुतं."

आता तुम्हीच सांगा, यात मी खोटं काय बोललो? पण आपल्याकडं अंगात वारं येतं म्हणजे देव येतो, हे मी साफ विसरलो.

मंगळवारी काकू आणखी दोघींना घेऊन दारात हजर. ताटात नारळ, हळदकुंकू. मला वाटलं, पेशंट आले. मफलर सारखा केला आणि ऐटीत खुर्चीवर बसलो. काकूनं हात जोडून विचारलं, तिच्या लेकीचं, सुमनचं काय करावं. सुमनलाही सकाळी शिंका येतात, हे मला ठाऊक होतं. मी डोळे मिटून सांगितलं, "तिला पाण्यापासनं लांब ठिवा. पाण्यावरचं वारं तिला सोसायचं न्हाय."

काकूनं नारळ माझ्या पायाशी ठेवला आणि पाया पडून गेली.

दुसऱ्या दिवशी भिगवणहून मेव्हण्याचा फोन. त्याच्या पोरासाठी सुमनची सोयरीक मीच दोन महिने खपून जुळवत आणली होती. पोराचा धंदा मासेमारीचा, होडी उजनी धरणाच्या पाण्यावर. मेव्हणा थंडपणे म्हणाला, "दाजी, काकूंनी नकार कळवला. देवानं तुमच्याच तोंडून पाणी नको म्हणून सांगितलं म्हणं."

पायात चपला न घालता काकूकडं पळालो. देव नाही, गवताचे कण नाकात जातात, त्याला चिनी लोक वारं म्हणतात, सगळं उलगडून सांगितलं. काकूनं शांतपणे ऐकून घेतलं.

"वारं उतरल्यावर मानसाला काय आठवत न्हाय, बाबा."

बाहेर आलो तर ओसरीवर सुमन उभी. रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "तात्या, मला त्योच पोरगा पसंत हाय. वाऱ्यानं बिघडवलं, तर वाऱ्यालाच निस्तरू द्या."

पोरीचं तोंड बघवेना. मी, बी.एस्सी. झालेला माणूस, पुढच्या मंगळवारी अंगात आणायला तयार झालो. पण सुयांचा गुण असा आलेला, की शिंक काही येईना. शेवटी बांधावर जाऊन गाजरगवतात तोंड खुपसलं, तसाच काकूपुढं येऊन बसलो. सतरा शिंका दिल्या आणि घुमत घुमत म्हणालो, "भिगवणचं पाणी चालंल."

काकूनं बसल्या जागी होकार दिला. लग्न थाटात झालं.

पण मला एक सांगा, दोन महिने मी शुद्धीवर राहून हेच समजावत होतो, तेव्हा काकू नुसतं "बघू" म्हणायची. आणि घरात तरी काय वेगळं? परवा बायकोला म्हटलं, यंदा वांगी नको, मिरची लावू.

ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी ऱ्हाऊ द्या. मंगळवारी वारं आलं की त्याला इचारते."