तळ कुणाच्या वावरात

२०२३ साल. मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा. आधार कार्डावर एकाहत्तर लिहिलंय. मी बरोबर सांगितलं होतं, लिहिणाऱ्याने नीट ऐकलं नाही, आणि एकदा सांगितलेलं मी पुन्हा सांगत नाही. शाळा चौथीपर्यंत. वाचता येतं, पण जोडाक्षर आलं की गाडीचं चाक खड्ड्यात गेल्यासारखं होतं. म्हणून पेपर मी स्वतः वाचत नाही, शिंप्याच्या दुकानात जाऊन ऐकतो. कपडे शिवतो म्हणून त्याला गाव मास्तर म्हणतं, आणि तोही खऱ्या मास्तरासारखा चष्मा नाकावर ओढून वाचतो.

आमचं गाव दोंडाईच्याकडचं. घरात आम्ही अहिराणी बोलतो. इथे लिहिताना जमेल तेवढं शाळेच्या मराठीत लिहितोय.

त्या वर्षी वावरात मका होता. कणसं भरायला लागली आणि रानडुकरं यायला लागली. डुक्कर मका खातं थोडा, लोळवतं जास्त. पोरगा सुरतेला कारखान्यात, त्याला वर्षातून दोनदा सुट्टी. राखणीला आम्ही दोघंच, मी आणि म्हातारी. मी बांधावर बसून हाका मारायचो, ती पत्र्याचा डबा वाजवायची. एका संध्याकाळी ती डबा वाजवत ओळीच्या तोंडाशी गेली आणि डुक्कर आतून थेट तिच्या अंगावरून बाहेर पडलं. मी पळत गेलो तर ती सरीत बसलेली, डबा मांडीवर तसाच धरलेला. दोंडाईच्याच्या डॉक्टरने गुडघा बांधून दिला आणि वावरात जायचं नाही म्हणून सांगितलं.

आमच्या वावराला तीन बाजूंनी एकाच माणसाची पपई लागून आहे. तो पन्नाशीचा, मला आबा म्हणतो, मी त्याला भाऊ म्हणतो. त्याने त्या साली पपईभोवती झटक्याची तार ओढायला घेतली होती. डुक्कर शिवलं की झटका बसतो आणि ते मागे फिरतं. म्हातारीचं म्हणणं, भाऊला सांगा, आपलंही वावर तारेच्या आत घे. भाऊ तयारच होता. आमचं वावर आत घेतलं तर त्याची तार वाकडी न जाता सरळ जात होती. फक्त त्याला विहिरीजवळचा आमचा कोपरा पाहिजे होता, त्याच्या रखवालदाराच्या झोपडीसाठी. तो कोपरा उंचावर आहे. तिथे उभं राहिलं की त्याची पपई आणि आमचा मका दोन्ही दिसतं.

तिथे माझ्या बापाचं खळं होतं. मी नाही म्हणालो.

"का?" म्हातारीने विचारलं.

"आज झोपडी, उद्या लाईटचा खांब, परवा पाण्याची टाकी. पोरगा सुरतेहून परत आला तर त्याला विचारावं लागेल, हा कोपरा कुणाचा."

ती पाय लांब करून भाकरी थापत होती. तिने तोंड वर न करता म्हटलं, "डुकरं बठ्ठा मका खाई जातीन. मंग तुमना मान दळी लई येसू का?"

सगळा मका गेल्यावर माझा मान दळून आणू का, असं ती विचारत होती. मी टोपी घातली आणि शिंप्याकडे गेलो.

मास्तर वाचत होता. कुठला तरी लहानसा देश, समुद्राकाठचा. नाव त्याने दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला वेगळं वाचलं, म्हणून मी इथे लिहीत नाही. त्या देशाने एका मोठ्या देशाला लष्करी तळासाठी जागा देऊ केली होती. दोघांत सुरक्षा करार होणार होता.

मी विचारलं, "मेंढरं किती?"

मशीनवरचा त्याचा पाय थांबला. "कसली मेंढरं, आबा?"

"तळ म्हणालास ना तू."

दुकानात चार माणसं होती, ती हसायला लागली. मला खरंच तसं वाटलं होतं. आमच्याकडे ठेलारी येतात, काठेवाडी येतात, आपापली जनावरं घेऊन वावरात तळ टाकतात. लष्करी हे तसेच कुणी मेंढरंवाले असतील, असं मी धरून चाललो. मास्तरने समजावलं की हा सैन्याचा तळ, तोफा, बंदुका, विमानं.

उठून घरी गेलो असतो तर ते अजून हसले असते. मी बसून राहिलो. "हसून झालं असेल तर सांग. कुणी कुणाला मागितलं? मोठ्याने जागा मागितली, का लहान्याने या म्हटलं?"

त्याने पेपर पुन्हा वर धरला. "लहान्यानेच बोलावलं असं दिसतंय."

"मग तेच झालं. माझा बापही मेंढरंवाल्याला स्वतःच बोलवायचा."

"त्याला खत पाहिजे होतं, आबा. या देशाला काय लेंड्या पाहिजेत?"

"काय पाहिजे ते तू वाच ना. मला काय विचारतोस?"

लहान्याला शेजारच्या देशाची भीती होती म्हणे. म्हणजे शेजारी एक मोठा, आणि बोलावला तो दुसरा मोठा. मी विचारलं, त्या दुसऱ्याला काय मिळणार? तर त्याला समुद्राकाठची जागा पाहिजे होती, तिथून लांबवर नजर राहते. मला आमच्या विहिरीजवळचा कोपरा दिसायला लागला.

त्या दिवसापासून मला त्या देशाने झपाटलं. मका डोळ्यांसमोर आडवा होत होता आणि मी त्या लोकांचा विचार करत होतो. ते काय पेरत असतील, त्यांची म्हातारी माणसं या कराराला काय म्हणत असतील. समुद्र मी एकदाच पाहिलाय, पोराने सुरतेजवळ नेलं होतं तेव्हा. चिखलाच्या रंगाचं पाणी, आणि पलीकडे काहीच नाही. अशा पाण्याच्या काठावर उंच जागा कसली असेल, हे मला कळेना.

शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा रंगवलेला आहे. सुट्टीच्या दिवशी मी जाऊन पाहिला. मास्तरने सांगितलेल्या बाजूला बोट फिरवत गेलो. देश सापडला नाही. जिथे तो असायला पाहिजे तिथलाच रंगाचा पोपडा निघालेला. खाली चुना दिसत होता, तिळाएवढा. मी तो बराच वेळ पाहिला.

दुसऱ्या दिवशी मास्तरला सांगितलं तर म्हणाला, "म्हणूनच तो भ्यायला असेल, आबा. भिंतीवरही टिकत नाही."

मी त्याला रोज विचारायचो. तळ कुठे टाकायचा ती जागा कुणी दाखवली? तळावरचा माणूस गावात पाण्याला आला तर कुणाला विचारून येणार? आणि उठा म्हणायचं कुणी? मास्तर पेपर उलटसुलट करायचा. एकदा वैतागून म्हणाला, "मुदत जाहीर केली नाही असं लिहिलंय. बाकी काही नाही. तुम्हाला विजारीचं माप द्यायचं असेल तर द्या."

मुदत नाही, हे ऐकून मला बापाच्या वेळचं एक वर्ष आठवलं.

बाप दर वर्षी पीक निघालं की मेंढरं बसवायचा. ठेलाऱ्याला ज्वारी द्यायची, त्याने मेंढरं आपल्या वावरात बसवायची. मेंढरांभोवती तो जाळं लावायचा, त्याला वाघूर म्हणतात. ही वाघूर एका जागी राहत नाही. आज इथे, उद्या पुढच्या पट्ट्यात. सकाळी बाप जायचा आणि पायाने रेघ ओढून दाखवायचा, आज इथे. ठेलारी त्याच्यापेक्षा दांडगा, हातात काठी, बाजूला कुत्रे. पण रेघ बापाची. एका वर्षी बाप लग्नाला पहूरला गेला आणि तिकडे तापाने पडला. रेघ ओढायला कुणी नव्हतं, मी लहान. ठेलाऱ्याचा काही वाईट विचार नव्हता. मालक नाही तर हलवायचं कसं, म्हणून त्याने वाघूर जागची हलवली नाही. बाप आला तोवर तो तुकडा लेंड्या-मुताने काळा पडला होता. पुढच्या साली तिथे ज्वारी माणसापेक्षा उंच झाली, हिरवीगार, आणि कणसात दाणा नाही.

हे आठवलं तेव्हा मी मास्तरच्या पायरीवर बसलो होतो. तसाच उठलो आणि भाऊकडे गेलो.

तो ओसरीवर तारेची भेंडोळी मोजत होता. मला पाहून खुर्ची पुढे केली. मी उभाच राहिलो.

"तार ओढ," मी म्हणालो. "माझं वावर आत घे. पण झोपडी बांधायची नाही."

"मग रखवालदार कुठे बसेल, आबा? झाडावर?"

"माझ्या गाडीवर."

माझी बैलगाडी कडुनिंबाखाली उभी होती. बैल विकले तेव्हापासून ती तशीच उभी. लाकूड चांगलं, चाकांच्या लोखंडी धावा शाबूत. मी भाऊला सांगितलं, गाडीच्या साटीच्या फळ्यांवर ताडपत्री घाल, खाट बसते. तिथे तुझा माणूस बसू दे. पण गाडी एका जागी राहणार नाही. दर बाजाराच्या दिवशी ती हलवायची. आज माझा कोपरा, पुढे तुझा बांध, मग नाल्याकडची बाजू, मग पुन्हा माझा कोपरा. माझ्या वावरात कुठे उभी करायची ती रेघ मी ओढणार.

भाऊ माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याला हसू आलं. "मना रखवाल्या काय मेंढरू शे का?"

"माणूस आहे म्हणून गाडी देतोय. मेंढरू असतं तर जाळं दिलं असतं."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर तुझी तार वाकडी."

त्याने भेंडोळं पायाने बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "आबा, तुम्हाला वाटतं मी कोपरा गिळणार. मला वेगळीच भीती आहे. माझा माणूस तुमच्या वावरात बसणार. उद्या तुमची विहिरीवरची मोटार चोरीला गेली तर तुम्ही गावभर कुणाचं नाव घेणार? माझंच ना?"

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, खरं सांगतो. बोलावणाऱ्याला भीती असते एवढंच मी धरलं होतं. जो येतो त्यालाही असते, हे मास्तरने कधी वाचलं नाही, आणि मीही विचारलं नव्हतं.

मी खुर्चीवर बसलो. "मोटारीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे राहील," मी म्हणालो. "तुझ्या माणसाकडे नाही. मग चोरी झाली तरी त्याच्यावर बोट येणार नाही."

"आणि झटक्याचं मशीन?"

"ते तुझं. पण बटण कुठे असतं ते मला दाखवून ठेव. माझ्या वावरात जायला मला तुझी परवानगी लागता कामा नये."

"दाखवतो ना. घाबरू नका."

"मी घाबरत नाही."

"तुम्ही नाही, आबा. डुकरं घाबरतात तुम्हाला. परवा अक्कांना पाडून गेलं ना ते डुक्कर, ते तुम्हालाच भिऊन पळत होतं."

आतून त्याच्या बायकोचं हसू आलं, आणि चहाही आला. तेव्हा तिने सहज म्हटलं, "अक्का म्हणालीच होती, येतील ते चार दिवसांनी, घाई करू नका."

म्हणजे आमच्या म्हातारीने बांधलेल्या गुडघ्याने चालत येऊन सगळं आधीच बोलून ठेवलं होतं. मी चहा संपवला. कपात गाळ राहिला तोही प्यायलो, म्हणजे लगेच उठायला नको.

घरी गेलो तर ती उंबऱ्यावर बसलेली. मी म्हणालो, "झालं. पण झोपडी नाही. गाडी."

"गाडीचं मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. तिच्या तोंडावर जरा आश्चर्य दिसलं. तेवढ्याने मला बरं वाटलं. "कुनी सांगं?"

मी तिला त्या देशाची गोष्ट सांगितली. नकाशा, पोपडा, मुदत, सगळं. ती नीट ऐकत होती. शेवटी विचारलं, "मग त्या लोकांची गाडी कोण हलवतं?"

"पेपरात आलं नाही."

"विचारा ना उद्या मास्तरला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिंप्याकडे गेलो नाही. तिने जुन्या लुगड्याची चिंधी फाडून दिली, मी वंगणाचा डबा घेतला आणि कडुनिंबाखाली गेलो. इतक्या वर्षांत चाकं मातीत थोडी रुतली होती. पहारीने भोवतालची माती मोकळी केली, आसाची कड पुसली, वंगण भरलं आणि साटीला खांदा लावून ढकललं. आधी काही झालं नाही. मग गाडी कुरकुरली आणि वीतभर पुढे सरकली.