बोरकुटे काकांची शंका

बोरकुटे काका हाती आलेला कुठलाही कागद आधी उन्हात धरत. मग ती लग्नपत्रिका का असेना. "छापलेलं तं सगळेच वाचते, खोडलेलं पाहा लागते," असं त्यांचं म्हणणं. पोलादाच्या प्लांटच्या भट्टीवर उभी हयात काढलेला हा माणूस वैशाली नगरातल्या आमच्या मराठी मंडळाला नकोसा झाला होता; मी सचिव, म्हणून मला जरा जास्तच.

मंडळाचं सभागृह बांधायचं ठरलं, तेव्हा आर्किटेक्ट मुग्धाने घरोघरी प्रत्येकाकडून, बायकांकडूनही, वेगळी चिठ्ठी मागितली. कशाच्या शेजारी काय हवं, एवढंच लिहायचं. या चिठ्ठ्या लोहचुंबकासारख्या खोल्यांना जवळ ओढतील किंवा दूर ढकलतील, कम्प्युटर खोल्या हजारो वेळा हलवून बघेल आणि सगळ्यांना मानवेल असा नकाशा निघेल, असं तिने समजावलं. काकांनी चिठ्ठी दिली नाही. "आपल्या हातानं लिहून कावून द्या?" का म्हणून द्यायचं, हा त्यांचा नेहमीचा सवाल.

रविवारी सकाळी नकाशा पडद्यावर आला. रंगमंच पुढे, स्वयंपाकघर पार मागच्या कोपऱ्यात. टाळ्या पडल्या. पहिली टाळी अध्यक्षांची.

"हा तं अध्यक्षांचाच जुना नकाशा आहे," काका मागून म्हणाले. "कम्प्युटरनं मेहनत कायची केली?"

कमिटीत घेतलं नाही त्याचा राग काढताहेत, असं मला वाटलं. मुग्धाही चिडली. "काका, सुरुवात त्या नकाशापासून केली, पण नंतर अ‍ॅनीलिंग केलंय. आधी खोल्या जोरात हलवायच्या, मग हलवणं कमी कमी करत त्यांना बसू द्यायचं. पद्धतीचं नावच ते."

काका ताडकन उठले. "अ‍ॅनीलिंग? माही जिंदगी गेली त्याच्यात! थंड किती वेळात केलं, पोरी?"

"मीटिंग होती ना... दोन मिनिटांत."

"मंग कायचं अ‍ॅनीलिंग? पोलाद चांगलं तापू द्या लागते, अन् भट्टीतच हळूहळू थंड होऊ द्या लागते. घाई केली का ताण आतच राहून जाते. तुह्या खोल्या जाग्यावरून हलल्याच नाही."

मुग्धाचा चेहरा उतरला. पण पोरगी प्रामाणिक. तिने पुन्हा सुरू केलं. दोन तास लागले. अर्धे लोक उठून गेले, काका मात्र पडद्यासमोर खुर्ची टाकून बसून राहिले. स्वयंपाकघर कोपऱ्यातून निघालं, इकडेतिकडे भरकटलं आणि रंगमंचासमोर येऊन थांबलं.

"आता दुसऱ्याच नकाशापासून सुरू कर," काका म्हणाले. तरीही स्वयंपाकघर तिथेच आलं. तेव्हा मुग्धाने चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. बहुतेक बायकांनी एकच लिहिलं होतं: पोळ्या लाटताना कार्यक्रम दिसला पाहिजे. थांबलेल्या लोकांनी तोच नकाशा मंजूर केला.

माझा संशय काही जाईना. ज्याने स्वतः चिठ्ठी दिली नाही, तो एवढा भांडला कशासाठी? घरी परतताना मी विचारलंच, "काका, खरं सांगा, चिठ्ठ्यांत काय आहे ते तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना?"

"नाही ना बापू. मले फक्त अध्यक्षावर शंका होती."

थोडं चालल्यावर ते थांबले. काकूंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

"तुही काकू तीस वर्षं मंडळाच्या पोळ्या लाटत राहिली. मी पयल्या रांगेत बसत होतो. तिनं एक नाटक पुरं पाह्यलं नाही. साऱ्या दुनियेवर शंका घेतली मी. ही एक शंका कावून नाही आली मले?"