जपानी गाण्यातली मींड

परवा शनिवारी दुपारी इथे परदेशात, आमच्या पापाटोएटो उपनगरात, ईराच्या शाळेच्या हॉलमध्ये बसले होते आणि जिवाची नुसती जळजळ होत होती... स्टेजवर माझी मुलगी गाणार होती, पण मी शिकवलेलं काही नाही. एका जपानी ऍनिमे सिनेमाचं शेवटचं गाणं. शिकवलं होतं शेजारच्या मिचिकोने, आणि युकुलेली घेऊन साथीला बसली होती तीच.

थोडं मागचं सांगते. मी फार्मसीत काम करते, सुटायला सहा वाजतात. म्हणून शाळा सुटली की ईरा मिचिकोकडे जाते. मिचिको माझ्याहून थोडी मोठी, शांत, मुलांवर कधी आवाज न चढवणारी... तिच्याकडेच ईराने त्या सिनेमाची डीव्हीडी पाहिली आणि मग आमच्या घरात दुसरं काही ऐकूच येईना.

मी पुण्यात लहानपणापासून लग्न होईपर्यंत गाणं शिकले. दर रविवारी सकाळी ईराला समोर घेऊन बसते, तर भूपाच्या आरोहातच हिला जांभया येतात. मराठीत काही विचारलं तर उत्तर इंग्लिशमध्ये. आणि हे जपानी गाणं मात्र शब्द न शब्द पाठ... आंघोळ करताना, गाडीत, डेअरीत दूध घ्यायला गेलो तरी तेच.

एकदा भांडी घासताना मीही तिच्याबरोबर ती चाल गुणगुणले. सवयीने एखादी हरकत घेतली गेली असेल. तर ती म्हणाली, "आई, डोन्ट. यू मेक इट टू फॅन्सी." ते टोचत राहिलं...

शेवटी मिचिकोला विचारलंच, या गाण्यात असं आहे तरी काय. तिने आम्हा दोघींना बोलावलं, चहा केला आणि सिनेमाबरोबर मिळालेली दुसरी डीव्हीडी लावली. गाणं कसं तयार झालं ते त्यात होतं, सगळं जपानीत. मिचिको मध्ये मध्ये थांबवून इंग्लिशमध्ये सांगत होती.

सिनेमातल्या मुलीची आई ती लहान असतानाच गेलेली. गाणं लिहिणाऱ्या बाईंनी आधी आभाळ, तारे, आठवणी असं काहीतरी लिहिलं होतं. दिग्दर्शकाने ते परत केलं आणि विचारलं, तुमच्या आईचं तुमच्यात काय राहिलंय? बाई म्हणाल्या, मी फडकं तिच्यासारखं पिळते.

त्यावरच गाणं झालं... तुझा चेहरा आता मला नीट आठवत नाही, पण ओटा पुसून झाला की फडकं मी तुझ्यासारखंच पिळते. एवढाच त्याचा अर्थ.

गायिका चांगली शिकलेली होती. तिने गाऊन दाखवलं तर दिग्दर्शक म्हणाले, फार सुंदर होतंय, इतकं नको. मग स्टुडिओत तिच्यापुढे धुतलेल्या कपड्यांचा ढीग ठेवला. घड्या घालत घालत ती जे गायली तेच सिनेमात आहे. नीट कान दिला तर कापडाची सळसळसुद्धा ऐकू येते.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू... पण तेवढ्यात बाजूला बघितलं, तर ईरा मिचिकोच्या खांद्याला टेकून बसली होती, ओठातल्या ओठात शब्द म्हणत. सोफ्यावर माझ्या बाजूला कोणीच नव्हतं. वर त्या शिकलेल्या बाईला शिकलेलं सगळं बाजूला ठेवायला लावलं, हेही मला उगीचच लागलं.

तर शनिवारी हॉलमध्ये मी ठरवूनच बसले होते की आपल्याला हे आवडणार नाही. शेजारी माझा नवरा, मंदार, व्हिडिओ कॅमेरा सावरत होता. माझ्या मनात काय चाललंय याचा त्याला पत्ताही नव्हता.

ईरा गायला लागली. पहिली ओळ अगदी साधी, सरळ, बोलल्यासारखी... दुसऱ्या ओळीच्या शेवटी सूर खाली येतो. तिथे ती वरच्या सुरावरून खालच्या सुरावर उडी मारून आली नाही. हळूच, मधे कुठेही न तुटता, घसरत खाली आली.

मींड... त्या रविवारच्या जांभयांमधली. कडव्याच्या शेवटी परत तशीच आली.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर सॉसेजच्या स्टॉलपाशी मिचिको भेटली. मी तिचं कौतुक केलं, म्हणजे करावंच लागलं. ती हसली, पण तिच्या आवाजात थोडी तक्रार होती. म्हणाली, "ती ओळीच्या शेवटची जागा सरळ करून घ्यायचा मी खूप प्रयत्न केला. पायरी उतरल्यासारखी उतर म्हटलं. ही आपली दर वेळी घसरगुंडीवरून येते. कुठून आणते कोण जाणे."

मला माहीत होतं कुठून आणते. पण मी नुसती मान हलवली... कोणाची तक्रार इतकी गोड लागू शकते हे मला माहीत नव्हतं.

घरी जाताना गाडीत मी ईराला सहज विचारल्यासारखं विचारलं, ती दुसऱ्या ओळीतली जागा तू मुद्दाम तशी घेतेस का? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "व्हॉट जागा?"

मी पुढे काही बोलले नाही. सांगितलं असतं तर पुढच्या वेळी तिथे येताच ती सावध झाली असती...

मिचिकोचा हेवा वाटणं थांबलंय असं नाही. आज संध्याकाळीही ईरा तिच्याकडून निघायला तयार नव्हती आणि मी दारात चपला न काढता उभी होते, तोंड वाकडं करून. पण तिने माझ्या मुलीला ते गाणं दिलं नसतं, तर माझं काय तिच्यात उतरलंय ते मला कधी ऐकूच आलं नसतं. त्यासाठी मिचिको, मनापासून आभार.

आणि मित्रमैत्रिणींनो, यातलं ईराला कोणी काही सांगू नका. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून तर इथे लिहायचं धाडस केलंय.