गोड्या पाण्यावरचा आळ

"हे बाबांचंच काम," किरण म्हणाला. त्याच्या वडिलांचा, धर्मा नाखव्यांचा पाय बोटीच्या फ्लोअरमधून गुडघ्यापर्यंत आत गेला होता. नशीब, बोट वरळीच्या किनाऱ्यावर ओढलेली होती. भर समुद्रात असती तर सांगायलाच नको.

मी लालबागचा. तीस वर्षं बोटींचं सुतारकाम करतोय. ही बोट फायबरची, पण आतला फ्लोअर प्लायवूडचा, आठ वर्षांपूर्वी मीच बसवलेला. हातोडीनं ठोकत गेलो. चांगलं प्लाय टणक आवाज देतं. फ्लोअरखालचं पाणी उपसायला ठेवलेल्या मधल्या झाकणाजवळ भद्द आवाज आला. स्क्रूड्रायव्हर टोचला, तर पिकल्या पपईत सुरी जावी तसा आत गेला.

"नाखवा, बोट धुता कशानं?"

"नलाच्या पान्यानं, रोज. मीठ नको र्‍हायला."

इथे मी शहाणपण पाजळलं. लोकांना वाटतं, समुद्राचं पाणी लाकूड खातं. खरं म्हणजे खाऱ्या पाण्यात कुजवणारी बुरशी सहसा धरत नाही. गोडं पाणी साचलं की धरते. हे किरणला ऐकवलं आणि वर म्हणालो, "नाखव्यांनी प्रेमानं बोट कुजवली."

झालं! किरणला तेच हवं होतं. "आता बास, बाबा. सत्तरी आली. बोटीवर यायचं नाय, घरी बसा." म्हातारा झाकणावरून हात फिरवत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी कुजलेला भाग कापायला घेतला. टणक लाकूड लागेपर्यंत कापत जायचं, हा नियम. कापता कापता लक्षात आलं, कूज झाकणाच्या भोकापासून सुरू होऊन चहूकडे पसरली होती. पुढचं प्लाय मात्र ठणठणीत. त्यालाही तेच नळाचं पाणी, तेवढीच वर्षं. झाकणाची चौकट उचकटली. भोकाची कड उघडी होती. रेझिनचा थेंब नाही.

प्लाय पाणी पितं ते कापलेल्या कडेनं. म्हणून प्रत्येक कडेला रेझिनचा लेप पाजायचा आणि वाळू द्यायचा. मला आठवलं. आठ वर्षांपूर्वी, नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी भोक लहान पडलं म्हणून मी ते वाढवलं होतं. सकाळी बोट पाण्यात जायची होती आणि पावसाळी हवेत रेझिन वाळलं नसतं. 'नंतर करू' म्हणत चौकट ठोकली. ते 'नंतर' कधी आलंच नाही.

खरं सांगतो, ते तुकडे गुपचूप फेकून द्यावेत असं क्षणभर वाटलं. लाज वाटली. बापलेकांना बोलावलं.

"ही कड बघ, किरण. चूक माझी. बोट बाबांनी नाही, मी कुजवली."

"पण तुम्हीच तर बोललात, गोडं पाणी..."

"कड बंद असती तर नुसत्या धुण्यानं एवढं झालं नसतं. बाकीचा फ्लोअर बघ की."

किरणनं वाकून पुढचा फ्लोअर ठोकून बघितला. नाखवा मला एवढंच म्हणाले, "मेस्त्री, काल मना झोप नाय आली." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

नवं प्लाय बसवलं, कडांना तीन हात रेझिन पाजलं. यंदाची नारळी पौर्णिमा उजाडली तरी ते ओलंच होतं. मी बोट सोडू दिली नाही. नाखव्यांच्या घरच्यांनी काठावरूनच नारळ वाहिला. चौथ्या दिवशी बोट निघाली. नाखव्यांना किरणनंच हात देऊन वर घेतलं.

आता कुठेही गेलो की आधी विचारतो, फ्लोअर कोणी बसवला? उत्तर 'तुम्हीच' असं आलं, की तोंड बंद ठेवून पहिल्यांदा चौकट उचकटतो.