खोडी सांगून विकलेली गाडी

पत्रातूनच म्हणते, ये इकडे, सरक अशी जवळ. आणखी जवळ. रागावते म्हणून भिऊ नको, मारत तं नाही मी तुले. पण नातीच्या जातीनं आजीले न विचारता जगभर दवंडी पिटायची, हे कोणत्या शाळेत शिकली तू? मी एवढंच म्हटलं होतं, "माय, गाडी विकायची आहे, तुझ्या मोबाइलवर टाक." तू काय टाकलं? "विंटेज अँब्युलन्सची कॅम्परव्हॅन, आजी-आजोबांनी प्रेमानं सजवलेली." प्रेमानं! अन खाली माझा नंबर. तू तिकडं पुण्यात मोकळी झाली, अन इकडं फुलसावंगीच्या अलीकडं आमच्या तांड्यात काय काय नमुने येऊन गेले, ते तुले कोण सांगन? मीच सांगते.

तुले सारं ठाऊक आहे, पण हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यायले नाही, म्हणून पहिल्यापासून. तुझा आजा सरकारी दवाखान्याच्या अँब्युलन्सवर ड्रायव्हर होता. अर्धी नोकरी त्या एका गाडीवर गेली. पुढं नवी गाडी आली, ही जुनी दवाखान्यामागं बाभळीखाली उभी राह्यली, अन बुढा रिटायर झाला त्याच साली लिलावात निघाली. रिटायर झाल्यावर माणूस पारावर बसते, वावरात चक्कर मारते. यानं अँबुलन घरी आणली. मी म्हटलं, "सवत आणली काय हो?" तं म्हणे, "सवत नाही, घर आणलं."

वेल्डिंगवाल्याले धरून त्यानं स्ट्रेचरच्या जागी फळीचा पलंग बसवला. ऑक्सिजनचं नळकांडं अडकवायच्या कड्यात पाण्याची टाकी घातली. सलाइनच्या आकड्याले माझी पिशवी. मागच्या दाराशी शेगडी. पडदे मी शिवले, माझ्या सासूच्या जुन्या फेटियाचे, म्हणजे आरशाच्या घागऱ्याचे. आरटीओत चपला झिजवून कागद सरळ केले. मग सहा वर्षं फिरलो. कळंबचा गणपती, माहूर, अन एकदा थेट कोकणात समुद्र. समुद्र मले काही विशेष वाटला नाही, खारं पाणी अन मासळीचा वास. पण पुढच्या सीटवर बुढ्याच्या बाजूनं बसून जायचं, ते आवडलं.

मग काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे नेले. आता उजेड-अंधार तेवढा समजते. गाडी अंगणात उभी ती उभीच. उंदरायनं वायरा खाल्ल्या, टायर बसले. फिटनेसच्या कागदाले दोन महिने उरले होते, अन तो कागद एकदा संपला की इतक्या जुन्या गाडीचा वाली फक्त भंगारवाला. तेव्हा बुढा म्हणे, "विकून टाक. पण चालवणाऱ्याले विक. उभी करून ठेवणाऱ्याले देऊ नको. बाभळीखाली उभी पाह्यली मी तिले एकदा." एवढं बोलून भिंतीकडं तोंड करून निजला. गिऱ्हाईक आलं की मी बाहेर येणार नाही, असं बजावलं. पण त्याच्या खाटेची खिडकी अंगणातच उघडते. त्याले सारं ऐकू येते.

तुझ्या जाहिरातीनं पहिले आले ते फोन. "आजी, ह्या गाडीत कोणी मेलं तर नाही ना?" मी म्हटलं, "बाबू, अँब्युलन्स होती ती, नवरदेवाची घोडी नव्हती." त्यानं फोन ठेवला. दुसऱ्याचं उलटंच. त्याले मेलेलंच पाह्यजे होतं! त्याले तिथं रात्रभर बसून भुताचा व्हिडिओ काढायचा होता. "किती मेले, आजी? आवाज येतात का?" म्हटलं, "येते ना. बुढ्याच्या घोरण्याचा." माणसानं किती रिकामं असावं? याच्या मायनं याले अँब्युलन्समधून दवाखान्यात जाऊन जन्म दिला असन, अन हा तिथं भुतं शोधून राह्यला.

मग ते दोघं आले, तुमच्या पुण्याचेच. पोराच्या डोक्यावर अंबाडा, पोरीच्या हातात काठी, काठीले कॅमेरा. गाडी राह्यली बाजूले, पोरगी मलेच न्याहाळू लागली.

"आजी, तुमचा तो पारंपरिक ड्रेस नाही का? आरशांचा?"

"आहे. पेटीत आहे. तू तुझ्या आजीचं नऊवारी आणलं असतं, तं दोघी नटून बसलो असतो."

ती हसली. तिले वाटलं मी गंमत करून राह्यली. पोरगा म्हणाला, "आजी, आम्ही नोमॅड आहोत. म्हणजे भटके. घर नाही, दार नाही, रस्ता हेच घर."

"अन ते पुण्यातलं?"

"तो फ्लॅट आहे. तो भाड्यानं दिलाय."

घ्या! आमचे आजे-पणजे लदेणी करत. बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख तुडवत. थांबलं तिथं लोक म्हणत, उठा, पुढं चला. सातबाऱ्यावर नाव चढायले आमच्या किती पिढ्या गेल्या, अन हा फ्लॅटवाला मलेच भटकेपण समजावून सांगून राह्यला. तेही माझ्याच अंगणात, माझाच चहा पिऊन.

तरी मी धरम सोडला नाही. माझा बाप बैल विकायचा. त्याचा नेम होता, गिऱ्हाइकाले आधी खोडी सांगायच्या, गुण मागून. बैल मारका असन, बसका असन, तोंडावर सांगायचं. मीही सांगितलं, "दुसरा गिअर चढावर सुटते, हातानं दाबून धरा लागते. डावं दार उचलल्याबिगर उघडत नाही. पावसात पलंगाच्या पायथ्याशी गळते. हँडब्रेक धरत नाही, चाकाखाली दगड ठेवा लागते."

पोरगी म्हणे, "किती ऑथेंटिक!"

दगड ऑथेंटिक. पोरानं तो दगड हातात घेऊन फोटो काढला. शेवटी गाडी नको म्हणे, फक्त पडदे द्याल का? मी म्हटलं, "पडदे माझ्या सासूचे आहेत. तिलेच विचारा. व्हिडिओवाल्याले भूत सापडलं की सांगते तुम्हाले." गेले.

चार दिवसानं एक रिसॉर्टवाला आला. पांढरी पँट, हातात सोन्याचं कडं, गाडीतून उतरताना मातीकडं असा पाहे जशी ती त्याच्याच पायासाठी पसरली. त्यानं बॉनेट उघडून पाह्यलं नाही, टायरले लाथ मारून पाह्यली नाही. तू लिहिलेल्या किमतीहून जास्त बोलला, अन तेही घासाघीस न करता. खोटं कायले बोलू, माझं मन डळमळलं. कागदाचे दिवस सरत होते. मी आत पाह्यलं. खाट करकरली, तेवढंच.

मी खोडी सांगायले लागली. दुसरा गिअर म्हणताच तो हात झटकून म्हणे, "चालेल, चालेल." डावं दार? "चालेल." ब्रेक? "काही हरकत नाही, मावशी."

तिथंच मले समजलं. ज्याले ब्रेकची हरकत नाही, त्याले गाडी चालवायचीच नाही. सरळ विचारलं, "नेऊन करणार काय?"

"ओट्यावर बसवू. चाकं काढू, इंजिन काढू, आत एसी. बाहेर लाल दिवा. लोक फोटो काढायला येतील."

"अन गाडी?"

"हीच तर गाडी."

मी म्हटलं, "गाडी विकल्या गेली."

"कधी?"

"आताच. तुम्ही इंजिन काढत होते तेव्हा."

त्यानं मले येडी समजून कडं सावरलं अन गेला. तेव्हा खिडकीतून आवाज आला, "बुढे, चहा मांड." कितीक दिवसानं त्यानं आपण होऊन चहा मागितला होता.

शेवटी आला एक भांडेवाला. महागाव, फुलसावंगी, अशा आठवडी बाजारात स्टीलची भांडी विकते, संग बायको. दोघंही भाड्याच्या गाडीत माल टाकतात अन रात्री मालाशेजारीच झोपतात. त्याची मले काही कीव आली असं समजू नको. मोठा तोंडाळ माणूस. तोंडात खर्रा, आल्याआल्या अंगणात पिचकारी. गाडीभोवती एक चक्कर मारली अन म्हणे, "मावशी, हे अँबुलन नाही, हे पेशंट हाये."

त्याची बायको मात्र सरळ आत गेली, पलंगावर आडवी पडली, पाय पुरतात का पाह्यलं, शेगडी पेटवून पाह्यली, अन तिथूनच ओरडली, "पाणी गळते इथं! छत पाहा आधी!"

मी खोडी सांगायच्या आधी त्यानं स्वतःच सात काढल्या. गाडीखाली गेला, तिथूनच शिव्या देऊ लागला. कोणत्या गाढवानं ही वायर जोडली? कोणत्या हरामखोरानं हा नट आवळला? अन म्हणे, "दुसरा गिअर सुटते? मंग ज्यानं चालवली त्याले क्लच दाबता येत नव्हता."

झालं. घरातून खाट वाजली. बुढा भिंत चाचपत बाहेर आला, अंगात बनियान, काठी उलटी धरलेली.

"कोण बोलला? कोणाले क्लच येत नव्हता? पैनगंगेच्या पुरात बाळंतीण नेली मी या गाडीत, कुठं होता तू तेव्हा?"

"गिअर कुठं सुटते, तेवढं सांगा ना बाबा," खालून आवाज आला, "पुराचं मंग सांगजा."

बुढा पुढं, चालवणाऱ्याच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसला. मी म्हटलं, "डोळ्यानं दिसत नाही, अन शिकवता कोणाले?" त्यानं ऐकलं नाही. वायरा जोडून, टायरात हवा भरून, धक्का मारून गाडी सुरू झाली. फाट्यापर्यंत गेली, घाट नाही तरी तेथल्या टेकाडावर चढली, अन परत आली तेव्हाही दोघं भांडूनच राह्यले होते. भांडेवाला घामानं भिजला होता. तोंडातला खर्रा कुठं गेला, देव जाणे.

मग किमतीची गोष्ट. भांडेवाला बैलबाजारात वाढलेला. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला अन बुढ्याच्या हातावर टाकला. आमच्या बैलबाजारात असाच भाव ठरे. रुमालाखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची. बाजूले उभ्या माणसाले काही समजत नाही. तिथं डोळ्याचं काही कामच नाही. बुढा ताठ बसला. एक बोट सोडलं, मान हलवली, पुन्हा धरलं. त्या माणसाच्या बायकोनं अन मी एकमेकींकडं पाह्यलं, कारण आम्हा दोघींलेही काही पत्ता नव्हता. इतक्या वर्षांचा संसार माझा, अन माझ्या अंगणातला सौदा माझ्यापासून रुमालाखाली झाकला. मेले पुरुष!

"काय ठरलं?" मी विचारलं.

"ठरलं ते ठरलं," बुढा म्हणे.

रिसॉर्टवाल्याहून कमीच ठरलं, हे मले नंतर समजलं. मी काही बोलली नाही. तूही बोलू नको.

आता रोज त्याचा फोन येते. आज आर्णीच्या रस्त्यावर गिअर सुटला, आज दार अडकलं, आज बायको म्हणते छताले काय लावू. बुढा फोन कानाले लावून ओरडते, "दाबून धर म्हटलं ना, गाढवा! तुले गाडी दिली की बैलगाडी?" शिव्या देते, अन फोन ठेवल्यावर जेवायले मागते. भिंतीकडं तोंड करून निजत नाही आता.

त्या तोंडाळ भांडेवाल्याचा फोन रोज येते, अन तुझा महिन्यातून एकदा, तोही घाईत. गाडी नाही म्हणून आता काय पाहायले यायचं, असं मनात आणू नको. बुढा तुले विचारते. माणसाचा आवाज कानाजवळ आला पाह्यजे, मोबाइलमधून येते तो नाही. सुट्टी काढ, ट्रॅव्हल्सनं महागावपर्यंत ये, तिथून एसटी धर अन फाट्यावर उतर. मी उभी राहीन. लवकर ये, माय.